देनारियस: चेहरा सम्राटाचा, साक्ष चांदीची

इसवी सनाच्या पहिल्या शतकातली एक हकिकत प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे. ॲनियस प्लोकामस हा तांबड्या समुद्राच्या भागातल्या करवसुलीचा मक्तेदार. त्याने मुक्त केलेला एक गुलाम अरबस्तानच्या किनाऱ्याने जहाजातून चालला होता. वारा फिरला, जहाज भरकटलं आणि पंधराव्या दिवशी थेट श्रीलंकेच्या बंदराला लागलं. तिथल्या राजाने त्याचा सहा महिने पाहुणचार केला, रोमची माहिती काढून घेतली आणि त्याच्याजवळची चांदीची नाणीही निरखून पाहिली. नाण्यांवरचे चेहरे वेगवेगळे होते, म्हणजे ती वेगवेगळ्या राजांनी पाडलेली होती हे उघड होतं. तरी सगळ्यांचं वजन सारखं भरलं. राजा बदलला तरी ज्यांचा तोल बदलत नाही ते लोक सचोटीचे असणार, असं मनाशी ठरवून त्याने क्लॉडियस सम्राटाकडे आपले वकील पाठवले.

त्या राजाने नाणं दोन अंगांनी पाहिलं: चेहरा आणि चांदी. रोमन सम्राटांची चांदीची नाणी जमवू पाहणाऱ्याने आजही हेच करायचं असतं. चेहरा आणि त्याभोवतीची अक्षरं सम्राटाच्या मर्जीने कोरली जात. मी विजयी आहे, मी देवाचा पुत्र आहे, माझं सैन्य माझ्याशी एकनिष्ठ आहे, असं तो जे सांगू इच्छितो ते तिथे असतं. चांदीत तांबं किती मिसळलं हे मात्र कोणीच नाण्यावर लिहीत नसे. ते वजनकाट्याला आणि सराफालाच कळायचं. म्हणून या छोट्या तुकड्यात राज्यकर्त्याचा दावा आणि त्याच्या तिजोरीची खरी अवस्था शेजारी शेजारी बसलेली सापडतात. या छंदातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

देनारियस म्हणजे काय

रोमचं हे मुख्य चांदीचं नाणं इसवी सनापूर्वी 211 च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत सुरू झालं. सुरुवातीला एका देनारियसची किंमत ब्राँझच्या 10 ‘आस’ नाण्यांइतकी होती. पुढे ती 16 आस ठरली. आकाराने ते आपल्या आजच्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान, पण जाड. सम्राटांच्या काळात वजन साधारण तीन ते पावणेचार ग्रॅम. ऑगस्टसच्या काळात रोमन पलटणीतल्या साध्या शिपायाला वर्षाला 225 देनारियस पगार होता. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुराची दिवसभराची मजुरी एक देनारियस सांगितली आहे. यावरून एका नाण्याची ताकद लक्षात येईल.

ही नाणी हाताने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, त्यात सम्राटाचा चेहरा उलटा कोरलेला. वरचा ठसा कारागिराच्या हातात, त्यावर मागच्या बाजूची आकृती. मधे चांदीची गोल चकती ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव. घाव तिरपा बसला की चेहरा एका कडेला सरकतो, कधी नाकच नाण्याबाहेर जातं, कधी अर्धी अक्षरं गायब होतात. कधी आधीचं नाणं ठशात अडकून बसतं आणि पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना तोच चेहरा उमटतो, एकीकडे सुलटा आणि दुसरीकडे खोलगट उलटा. ठसे झिजत, फुटत, नवे कोरले जात. त्यामुळे एकाच सम्राटाची, एकाच वर्षाची दोन नाणी शेजारी ठेवली तरी ती हुबेहूब सारखी नसतात. नव्याने या छंदात आलेल्या माणसाला हा दोष वाटतो. काही महिन्यांत त्याला कळतं की खऱ्या नाण्याची ओळख पटवणारी हीच मोठी खूण आहे.

चेहरा नाण्यावर कसा आला

प्रजासत्ताक रोममध्ये जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर छापणं हे राजेशाहीचं लक्षण समजलं जाई. देवता, पूर्वज, रोमची देवी हे सगळे चालत. हयात पुढारी चालत नसे. इसवी सनापूर्वी 44 च्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीने हा संकेत मोडला. ज्युलियस सीझरचा सुरकुतलेल्या मानेचा चेहरा आणि ‘तहहयात डिक्टेटर’ ही पदवी देनारियसवर आली. त्याच वर्षी 15 मार्चला त्याचा खून झाला. पण खून करणाऱ्या ब्रूटसनेही दोन वर्षांच्या आत स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला! मागच्या बाजूला दोन खंजीर, त्यांच्या मधे मुक्त झालेल्या गुलामाने घालायची टोपी आणि खाली 15 मार्चची तारीख. स्वातंत्र्यासाठी मारलं असं सांगणाऱ्या माणसालाही सैन्याचा पगार आपल्या तोंडवळ्याच्या नाण्यात द्यावासा वाटला. तेव्हा या चेहऱ्याची ताकद सगळ्यांना कळून चुकली होती.

सीझरचा सेनापती मार्क अँटनी याने इसवी सनापूर्वी 32-31 मध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याच्याशी शेवटची लढाई लढताना आपल्या पलटणींसाठी भरमसाट देनारियस पाडले. एका बाजूला युद्धनौका, दुसऱ्या बाजूला पलटणीचा गरुड आणि निशाणं, खाली पलटणीचा क्रमांक. त्यांत चांदी इतरांपेक्षा कमी होती आणि ते तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं. परिणाम मोठा गमतीचा झाला. चांगल्या चांदीची नाणी लोकांनी दडवून ठेवली किंवा आटवली आणि अँटनीची हिणकस नाणी कोणी साठवेना, म्हणून ती हातोहाती फिरत राहिली. दोनशे वर्षांनंतरच्या दफिन्यांतही, म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांतही, ती गुळगुळीत झालेली सापडतात. आज ती बाजारात बरीच मिळतात आणि क्लिओपात्राच्या काळाला हात लावायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

ऑगस्टस, टायबेरियस आणि आपला किनारा

ऑक्टेव्हियन जिंकला आणि ऑगस्टस झाला. तो 75 वर्षांचा होऊन वारला, पण नाण्यांवर शेवटपर्यंत तरुणच राहिला. त्याचं एक नाणं भारताशी घट्ट जोडलेलं आहे: पुढे ऑगस्टस, मागे त्याचे दोन दत्तक पुत्र गायस आणि ल्युशियस ढाली-भाले घेऊन उभे. आजच्या फ्रान्समधल्या लियाँ इथे ते पाडलं गेलं. त्याच टांकसाळीतलं टायबेरियसचं नाणं, मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, हेही तसंच. बायबलमध्ये ‘हा चेहरा कोणाचा?’ असं येशू ज्या नाण्याबद्दल विचारतो ते हेच असावं, अशी समजूत असल्याने पाश्चात्त्य संग्राहकांत त्याला मोठी मागणी असते. दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात, जे रोमन चांदीचे दफिने सापडले त्यांत या दोन प्रकारांचाच भरणा आहे. कित्येक नाण्यांच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव घातलेला दिसतो. शिवाय भारतीय कारागिरांनी केलेल्या त्यांच्या नकलाही सापडतात, ज्यांत लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं असतात.

मिरी, मोती, मलमल, रत्नं घ्यायला हा पैसा येत होता. भारत दरवर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स ओढून घेतो अशी तक्रार प्लिनीने केली आहे; चार सेस्टर्सचा एक देनारियस. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणून स्थानिक चलनाशी बदलली तर नफा होतो असं स्पष्ट लिहिलं आहे. भडोचला माल यायचा तो पैठण आणि तेरहून. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरंही त्याच ग्रंथात आहेत.

मग महाराष्ट्रात रोमन चांदीचे मोठे दफिने का नाहीत? ती चांदी इथे आली आणि आटवली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाची चांदीची नाणी पाहिली की हे पटतं: राजाचा बाजूने दिसणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला 13,000 हून अधिक नाण्यांचा दफिना सापडला. त्यांतल्या 9,000 हून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पुढे सातवाहनांनी स्वतःची चेहऱ्याची चांदीची नाणीही काढली. जोगलटेंभीच्या एकेका नाण्यावर अर्धवट पुसलेला नहपान आणि त्याच्यावर चढलेली सातवाहनांची खूण पाहताना रोमन नाण्यांची भाषा आपल्याकडेही किती लवकर समजली गेली होती ते जाणवतं.

नीरोने तोल मोडला

श्रीलंकेच्या राजाने ज्या सारखेपणाचं कौतुक केलं होतं तो फार काळ टिकला नाही. 64 साली नीरोने वजन उतरवलं. आधी एका रोमन पौंड चांदीतून, म्हणजे साधारण 325 ग्रॅममधून, 84 देनारियस काढत. आता 96 काढायला लागले. आणि सम्राटांच्या काळात पहिल्यांदाच चांदीत लक्षणीय हीण घातलं. अलीकडच्या विश्लेषणांनुसार शुद्धता एकदम 80 टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी रोम जळालं होतं आणि पुनर्बांधणीचा अवाढव्य खर्च समोर होता. नाण्यांवर मात्र नीरो दिवसेंदिवस धष्टपुष्ट होत गेलेला दिसतो, केसांच्या लाटा रचलेल्या, हनुवटीखाली मांस. यानंतरची रोमन चांदी भारतातल्या दफिन्यांत जवळपास दिसेनाशी होते. सोनं येत राहिलं. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी नाणं हातात घेऊन पारखलं होतं.

नीरोने 68 साली आत्महत्या केली आणि 69 या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. गाल्बा सत्तरीचा, नाण्यावरही तसाच, ओठ घट्ट मिटलेला. ओथो जेमतेम तीन महिने टिकला. त्याला टक्कल होतं आणि तो टोप वापरायचा असं रोमन चरित्रकार स्युएटोनियस सांगतो. नाण्यावर कपाळापर्यंत नीटनेटक्या कुरळ्या बटांची रांग आहे. आणि मागे काय लिहिलं आहे? ‘रोमन जनतेची सुरक्षितता’. यादवी चालू असताना, स्वतःच्या आत्महत्येला काही आठवडे उरले असताना. व्हिटेलियसच्या नाण्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले आहेत आणि ‘सैन्याची निष्ठा’ असे शब्द आहेत. त्याच वर्षअखेर सैनिकांनीच त्याला ठार मारलं. नाण्यावर जे मोठ्याने सांगितलंय तिथेच राज्यकर्त्याचं दुखणं असतं, हा नियम मी या चौघांच्या नाण्यांवरून शिकलो आणि तो पुढच्या दोनशे वर्षांना लागू पडतो.

चौथा व्हेस्पेशियन. बैलासारखी मान, टकलू डोकं, शेतकऱ्यासारखा रापलेला चेहरा. त्याने काहीच लपवलं नाही. त्याच्या मुलाच्या, टायटसच्या, 80 सालच्या एका देनारियसवर चिलखत घातलेला हत्ती आहे, तो कलोसियमच्या उद्‌घाटनाच्या खेळांशी जोडला जातो. धाकटा डोमिशियन नावडता सम्राट, पण चांदीच्या बाबतीत त्याचं नाव घ्यायला हवं. 82 साली त्याने शुद्धता पुन्हा जवळपास पूर्ण केली. तीन वर्षांतच त्याला थोडी माघार घ्यावी लागली.

अक्षरं कशी वाचायची

नाण्याच्या कडेने फिरणारी लॅटिन अक्षरं पाहून पुष्कळ जण दबकतात. ती वाचणं मोडी वाचण्याइतकं अवघड मुळीच नाही. शब्द जोडून आणि तोडून लिहिलेले असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, एवढंच. ‘इम्प’ म्हणजे इम्पेराटोर, विजयी सेनापती. ‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस, सत्तेवरचा सम्राट. नुसतं ‘काएस’ असेल तर बहुधा युवराज. ‘पी एम’ म्हणजे मुख्य पुरोहित, ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता. ‘डिव्हस’ असेल तर सम्राट वारला असून त्याला देव जाहीर केलं आहे.

तारीख लपलेली असते ती ‘टी आर पी’ आणि ‘कॉस’मध्ये. पहिलं म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार, जे दरवर्षी नव्याने मिळत आणि त्यापुढचा रोमन आकडा दरवर्षी वाढे. दुसरं म्हणजे कॉन्सलपद, रोममधलं सर्वोच्च अधिकारपद, कितव्यांदा मिळालं त्याची मोजणी. ट्राजनचं उदाहरण घ्या. ‘कॉस’पुढे पाच असेल तर नाणं 103 ते 111 च्या दरम्यानचं, सहा असेल तर 112 ते 117. सहासोबत ‘पार्थिको’ ही पदवी असेल तर ते 116-117 चं, म्हणजे इराणच्या पार्थियनांवरच्या मोहिमेनंतरचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूवर असं वर्षापर्यंत बोट ठेवता येणं ही विलक्षण गोष्ट आहे. आपल्याकडच्या सातवाहनांच्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सुख मिळत नाही.

ट्राजन ते मार्कस ऑरेलियस हा काळ साम्राज्याच्या भरभराटीचा आणि नवशिक्या संग्राहकाच्या सोयीचा. हेड्रियनने पूर्ण दाढी ठेवली आणि त्याच्यामागून बहुतेक सम्राट दाढीवाले झाले. तो निम्मी कारकीर्द प्रवासात होता. इजिप्त, आफ्रिका, हिस्पानिया अशा प्रांतांच्या मूर्ती त्याच्या नाण्यांवर आल्या. अँटोनायनस पायसची बायको फॉस्टिना गेल्यावर त्याने तिच्या नावाने पुढे वर्षानुवर्षं इतकी नाणी काढली की आजही तिचा देनारियस सहज मिळतो. कोमोडसने शेवटच्या वर्षी सिंहाचं कातडं डोक्यावर घेऊन स्वतःला हर्क्युलिस म्हणून छापून घेतलं आणि 192 च्या शेवटच्या दिवशी त्याचा गळा दाबण्यात आला.

सेव्हेरसचं घराणं

एकच घराणं जमवायचं असेल तर मी सेव्हेरसचं सुचवीन. 193 साली पर्टिनॅक्सने सत्तेवर येताच चांदीचं प्रमाण वाढवलं. 87 दिवसांत शाही अंगरक्षकांनी त्याला मारलं आणि राजपद चक्क लिलावात काढलं. डिडियस ज्युलियानसने ते विकत घेतलं. 66 दिवसांत त्याचाही शेवट झाला आणि डॅन्यूबकाठचं सैन्य घेऊन सेप्टिमियस सेव्हेरस रोममध्ये शिरला. जन्माने उत्तर आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. त्याची बायको ज्युलिया डोम्ना सीरियातल्या एमेसाची, आजच्या होम्सची, तिथल्या पुरोहित घराण्यातली. तिच्या जाड, लाटांसारख्या केशरचनेमुळे तिचं नाणं दुरूनही ओळखू येतं. कधी ती व्हीनस, कधी सैन्यतळाची माता.

त्यांना दोन मुलं: कॅराकॅला आणि गेटा. दोघांची नाणी लहानपणापासून निघाली. क्रमाने मांडली तर गोबऱ्या गालांची पोरं हळूहळू मोठी होताना दिसतात, मिसरूड फुटते, दाढी येते. कॅराकॅलाच्या कपाळाला आठ्या पडत जातात. 211 मध्ये सेव्हेरस ब्रिटनमधल्या यॉर्क इथे वारला. भावाभावांनी एकोप्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा आणि बाकी कोणाची पर्वा करू नका, असा त्याचा शेवटचा सल्ला इतिहासकार कॅसियस डिओने नोंदवला आहे. त्याच डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाला आईच्या मिठीत मारवलं. गेटाचं नाव शिलालेखांतून खरवडलं गेलं, चित्रांतून चेहरा पुसला गेला. पण हजारो खिशांत आणि जमिनीखालच्या मडक्यांत गेलेले देनारियस कोण गोळा करणार? म्हणून आज गेटाचा चेहरा कोणालाही माफक पैशांत हातात घेता येतो. हे नाणं माझ्या दृष्टीने कोणत्याही दुर्मीळ सोन्याच्या नाण्याहून मोठं आहे.

सल्ल्याचा दुसरा भाग दोघा बापलेकांनी अमलात आणला आणि तो चांदीत दिसतो. सेव्हेरसने शिपायांचा पगार वाढवला, कॅराकॅलाने आणखी निम्म्याने वाढवला. 194-195 च्या सुमारास देनारियसमधली चांदी निम्म्यावर आली. 215 मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो, राणी असेल तर खाली चंद्रकोर. ते दोन देनारियसच्या किमतीचं मानलं जातं, पण त्यात धातू दीड देनारियसचाच होता.

हीण लपवायचं कसं

अर्धं तांबं असलेलं नाणं पांढरं कसं दिसायचं? चकती तापवली की पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं. ती आम्लात टाकली की तो काळा थर विरघळतो आणि वर जवळपास शुद्ध चांदीची पातळ साय उरते. त्यावर ठसा मारला की नवंकोरं नाणं लखलखतं. या युक्तीने त्या वेळच्या माणसांना फसवलं आणि आधुनिक संशोधकांनाही. क्ष-किरणांनी फक्त पृष्ठभाग तपासणाऱ्या जुन्या मोजमापांत शुद्धता फुगून दिसत होती. नाण्याच्या कडेला बारीक भोक पाडून आतला धातू काढून तपासल्यावर खरे आकडे समोर आले. सराफाकडच्या यंत्रावर तुमचा देनारियस ठेवला तर तेही हीच साय मोजेल, हे ध्यानात ठेवा.

चांदीचा प्रश्न नुसत्या उधळपट्टीचाही नव्हता. स्पेनच्या खाणींतून ती येत असे आणि शिशाबरोबर वितळवून वेगळी केली जात असे. त्या भट्ट्यांचा शिसेमिश्रित धूर वाऱ्याने ग्रीनलंडपर्यंत गेला आणि तिथल्या बर्फाच्या थरांत साठून राहिला. बर्फ खोदून काढलेल्या नमुन्यांत 165 च्या सुमारास, मार्कस ऑरेलियसच्या काळात साथीचा रोग पसरला तेव्हा, हे शिसं घसरलेलं दिसतं आणि पुढची काही शतकं ते पूर्वीच्या पातळीवर येत नाही. खाणी मंदावल्या, पगार वाढले आणि सीमेवर युद्धं वाढली.

यानंतरची घसरण वेगाने झाली. 240 नंतर देनारियस जवळपास बंद पडला. 260 मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याचा कैदी झाला. त्याचा मुलगा गॅलिएनस आणि त्यानंतरचा क्लॉडियस गोथिकस यांच्या काळात तथाकथित चांदीच्या नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. ऑरेलियनने टांकसाळीतला भ्रष्टाचार मोडायला घेतला तर रोममध्ये टांकसाळीच्या कामगारांनी बंड केलं. त्यात 7,000 सैनिक मेले असं रोमन लेखक सांगतात. 294 च्या सुमारास डायोक्लेशियनने चांगल्या चांदीचं नाणं पुन्हा काढलं. काहींवर रोमन आकड्यात 96 लिहिलेलं असतं: पौंडात 96, म्हणजे नीरोचंच वजन. पण तोवर राज्याचा भर सोन्यावर गेला होता.

जमवायला सुरुवात कुठून करावी

इतकी जुनी वस्तू सामान्य माणसाला परवडते कशी, असा प्रश्न पडेल. उत्तर दफिन्यांत आहे. आजच्यासारख्या बँका नव्हत्या, माणसं पैसा मडक्यात घालून पुरत, आणि कित्येकदा परत यायला उरत नसत. 1929 मध्ये बल्गेरियातल्या रेका देव्हन्या गावी सापडलेल्या एकाच दफिन्यात 80,000 हून अधिक नाणी नोंदवली गेली. कोणाचं नाणं किती दुर्मीळ याचा अंदाज बांधायला अभ्यासक आजही त्याच यादीचा आधार घेतात. ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, सेव्हेरस, ज्युलिया डोम्ना यांचे ठीक अवस्थेतले देनारियस परदेशी बाजारात साधारण शंभर डॉलरच्या आसपास मिळू शकतात. ओथो, पर्टिनॅक्स, डिडियस ज्युलियानस यांना कित्येक पट मोजावे लागतात. कारण साधं आहे, त्यांना नाणी पाडायला वेळच मिळाला नाही.

‘बारा सीझर’, म्हणजे ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंतचे बारा राज्यकर्ते, पूर्ण करायचे, असा संकल्प बहुतेक नवे लोक करतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. त्यात कॅलिग्युला, क्लॉडियस आणि ओथो यांच्यापाशी पैसा अडकतो आणि माणूस कंटाळतो. त्यापेक्षा एक घराणं, एक वर्ष किंवा मागच्या बाजूचा एक विषय धरा. नाहीतर नीरोच्या आधीचा एक, ट्राजनचा एक, सेव्हेरसचा एक आणि गॅलिएनसचा एक, अशी फक्त चार नाणी घ्या. दोनशे वर्षांचं अर्थकारण तुमच्या टेबलावर असेल. घेतलेल्या नाण्याचा प्रकार ‘आरआयसी’ क्रमांकाने ओळखतात. ही साम्राज्यकालीन नाण्यांची प्रमाण सूची आहे आणि तिच्यावर आधारित मोफत शोधयादी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर ठेवली आहे.

खोट्यांबद्दल सावध राहायलाच हवं. साच्यात ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि नाण्याच्या काठाने जोड गेलेली असते. खरं नाणं घावाने पाडलेलं असतं, म्हणून धातू बाहेरच्या बाजूला पसरल्याच्या रेषा असतात, काठाला चिरा असतात. दोन ‘जुनी’ नाणी अगदी एकसारखी, तोच ओरखडा आणि तीच तिरपी बाजू घेऊन आली तर दोन्ही टाळा. ठसे कोरून केलेल्या आधुनिक नकला मात्र फार कठीण असतात, त्या अनुभवी डोळ्यालाही चकवतात. म्हणून परत घेण्याची लेखी हमी देणारा विक्रेताच धरावा. रोमन काळातल्या खोट्या नाण्यांची गोष्ट वेगळी. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवलेली ती बनावट नाणी आज स्वतःच जमवण्याजोगी आहेत. पत्रा फाटून आतलं तांबं डोकावतं तेव्हा त्या काळचा ठग समोर उभा राहतो.

आणि कृपा करून नाणं घासू नका. घरातली समई उजळायला चिंच, रांगोळी, टूथपेस्ट ठीक आहे. देनारियसवर शतकांनी चढलेली करडी झाक एकदा गेली की परत येत नाही आणि बाजारातली किंमतही जाते. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, पडली तर तुकडे होतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून चिकट हिरवट थर सुटतो, तीही टाळा.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर. नाणं कुठून आलं? 2020 मध्ये लंडनच्या लिलावात ब्रूटसच्या खंजिरांचं सोन्याचं नाणं 32 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. त्याच्या मालकीचा इतिहास खोटा असल्याचं तपासात निघालं आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं. चोरून उकरलेल्या नाण्याबरोबर ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती कायमची नष्ट होते. जोगलटेंभीचा दफिना नोंदला न जाता बाजारात फुटला असता तर नहपान आणि गौतमीपुत्राचा क्रम आपल्याला इतका पक्का कळला नसता. भारतात 1878 चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत 10 रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी सुट्टीत घरी येताना संग्रह सोबत आणण्याआधी हे विचारात घ्यावं.

विकत न घेताही हा विषय शिकता येतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात नाण्यांची दालनं आहेत. घेणार असाल तर पावती, जुन्या लिलावाची चिठ्ठी, आधीच्या मालकाच्या हस्ताक्षरातला कागद, जे मिळेल ते नाण्यासोबत ठेवा आणि वजन, व्यास, कुठून कधी घेतलं हे स्वतःही लिहून जोडा.